जागेवर बसण्याची नोकरी

आदरणीय मोठे काका,

होडीत बसून जितकं वाकता येतं तितकं वाकून तुम्हांला नमस्कार, आणि काकूंना त्याहून थोडा जास्त. तुमचा गुडघा कसा आहे? थंडी उतरायच्या आत त्याला आल्याच्या पाण्याचा शेक द्यायला लागा. काकूंचा खोकला गेला का, खेचर अजून लाथा मारतं का, ओसरीवर यंदा मिरच्यांच्या माळा लागल्या का, हे सगळं सवडीनं कळवा. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही आधी तुमचं बोलून घेता आणि मग फोन ठेवता. (राग नाही. बाबा गेल्यापासून मला रागावणारं माणूस तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही, म्हणून मी ऐकूनही घेतो. पण आज मला माझं पुरतं सांगायचं आहे.)

चांगशुन जागा सोडून गेला, असा निरोप तुमच्या लष्करातल्या मित्रानं तुम्हांला पोचवला असणार. काका, मी पळालो नाही. तुम्ही त्या मित्रापाशी शब्द टाकलात, त्यांनी त्यांच्या धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या शेन सरांना सांगितलं, तेव्हा कुठं ही नोकरी मिळाली. वीटभट्टी सोडली, नूडल्सचं दुकान सोडलं, पार्सलं पोचवायची स्कूटर तर चालू ठेवूनच सोडली, हे तुम्ही विसरला नाहीत, मीही नाही. नववर्षापर्यंत एका जागी टिकला नाहीस तर तुझ्यासाठी परत कुणाच्या दारात उभा राहणार नाही, ना नोकरीसाठी ना सोयरिकीसाठी, असं तुम्ही स्टेशनवर सगळ्यांदेखत म्हणालात. तेव्हा जे घडलं ते माझ्याच हातचं वाचा.

आधी माझं काम काय ते सांगतो. इथल्या सरोवरात शेन सरांचा मोठा तराफा नांगरलेला आहे आणि त्याच्याखाली पाण्यात ऐकणाऱ्या यंत्रांची एक लांब रांग सोडलेली आहे. आम्ही त्यांना कानच म्हणतो. आठवतं का, धुक्यात शेळी हरवली की तुम्ही वरच्या बांधावर, बाबा मधल्या आणि मी खालच्या बांधावर उभे राहून कान द्यायचो? तिची घंटा कुणाला कशी ऐकू आली ते विचारून तुम्ही बोट दाखवायचात, तिकडं. हे तसंच आहे. फक्त इथं कान पुष्कळ आहेत, आणि बोट दाखवायचं गणित वेन ताईंनी मांडलंय. (वेन ताई म्हणजे शेन सरांच्या विद्यार्थिनी. हे गणित खरं ठरलं की डॉक्टर होतील. औषधवाल्या नव्हेत, काकूंना खोकल्याचं विचारायला सांगू नका.) आवाज एका कानाला किंचित आधी पोचतो, पुढच्याला किंचित उशिरा. त्या फरकावरून तो कुठल्या दिशेनं आला ते पडद्यावर रेघ होऊन उमटतं. आता सारखा आवाज करणारं कुणीतरी पाण्यात पाहिजे. तो मी. दूर एका तरंगत्या पिंपाला होडी बांधायची, होडीखाली एक गुणगुणणारा डबा सोडायचा आणि हलायचं नाही. ज्याला अख्ख्या देशात कुठं टिकून बसता आलं नाही, त्याला सरकार बसण्याचा पगार देतं. सुरुवातीला मला वाटलं, तुम्हीच आतून सांगितलं असणार.

आता बदकं. आमच्या उजव्या हाताच्या काठाला तांग मामांचा बदकांचा तराफा आहे. बदकं कलकलली की पडद्यावर रेघांची खिचडी होते, म्हणून त्यांना चाचणीच्या दिवशी बेटाआड ठेवा असं सांगायला मला पाठवलं. तांग मामा घरी नव्हते, त्यांची मुलगी श्याओमान होती. ती म्हणाली, ‘‘तुमच्या कानांना बदकं सोसत नसतील तर कापूस घाला त्यांच्यात.’’ मी म्हटलं, सरकारी काम आहे. ती म्हणाली, ‘‘मग बदकांना सरकारी कागद वाचून दाखव, त्यांनी ऐकलं तर मी अडवणार नाही.’’ मी खरंच वाचून दाखवायला लागलो, काका. दोन ठिकाणी अडखळलो, ते तिनं दुरुस्त केलं. मग खारवलेलं अंडं दिलं. त्यानंतर बदकांच्या कामासाठी मला तिकडं बरेचदा जावं लागलं. (काम अवघड आहे, बदकं बदलत राहतात.)

गेल्या आठवड्यात राजधानीतून पाहुणे आले. हे काम पुढं चालू ठेवायचं की गुंडाळायचं ते त्यांच्या हातात होतं. सकाळभर मी दगडासारखा बसलो होतो. दुपारी वॉकीटॉकीवर कुणीतरी म्हणालं, चला, जेवून घेऊ. आता तुम्हीच सांगा, साहेब लोक जेवायला बसले की आपल्याकडं काही चालू राहतं का? कचेऱ्या बंद होतात, शिपाई टेबलावर डोकं ठेवून झोपतो. मला वाटलं कानही विसावा घेत असतील. मी होडी सोडली आणि तांगांच्या काठाला जेवायला गेलो. डबा जड, म्हणून वर न ओढता तसाच खाली लटकत ठेवला.

आणि तिकडं पाहुणे पडद्यासमोरच जेवत होते. पिंपाच्या दिशेची रेघ सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वळली, सावकाश उजवीकडं गेली आणि तिथंच राहिली. मुख्य पाहुणे माशाचा काटा काढत म्हणाले, ‘‘तुमच्या यंत्राला भूक लागलेली दिसते, जेवायला निघालं.’’ सगळे हसले. वेन ताईंनी मला वॉकीटॉकीवर विचारलं, ‘‘चांगशुन, जागेवर आहेस ना?’’ माझ्या तोंडात अंडं होतं. मी म्हटलं, आहे.

काका, मी तुमचा शब्द राखायला तसं बोललो. पण मी आमच्या तराफ्यावर परत आलो तर वेन ताई स्वयंपाकाच्या कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या. लसूण कुणाला नको होता, जेवणं झाली होती. त्यांनी पाहुण्यांना सांगून टाकलं होतं की माणूस जागेवर आहे, म्हणजे माझंच गणित चुकलं. तीन वर्षं मांडलेलं गणित त्यांनी माझ्या एका शब्दावर मोडलं होतं. माझ्यावर इतका विश्वास आजवर कुणी ठेवला नव्हता, आणि (रागावू नका) तुम्हीही नाही. मी तसाच आत गेलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, गणित बरोबर आहे, जागेवर नव्हतो तो मी.

शेन सरांचा चेहरा विझला. पण मुख्य पाहुणे म्हणाले, बाईंना वाचवायला पोरगा खोटं बोलत असेल, परत जा, कुठंही फीर, आम्ही खिडक्या लावून बसतो, यंत्र काय सांगतं बघू. मी निघालो तेव्हा तांग मामा आमच्या तराफ्यावर चढत होते. होडीखालच्या गुणगुणीनं बदकं अंडी द्यायची थांबली, अशी तक्रार घेऊन आले होते. मी आधी लव्हाळ्याकडं वळलो, मग बेटाकडं, मग लांब उलट्या बाजूला. रेघ प्रत्येक वेळी बरोबर माझ्या मागे आली. वेन ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. इथंच थांबायला हवं होतं. पण फिरून फिरून दमलो आणि हात आपोआप वल्हवत गेले. रेघ उजवीकडं गेली आणि पुन्हा तिथंच राहिली.

पाहुण्यांनी विचारलं, त्या दिशेला आहे तरी काय? तांग मामा पडद्याकडं बघत म्हणाले, ‘‘माझी मुलगी आहे.’’

काम चालू राहिलं आहे. वेन ताई डॉक्टर होणार. मला शेन सरांनी दंड केला आणि होडीला कुलूप लावलं. किल्ली वेन ताईंकडं आहे. सगळ्यांना आशीर्वाद असू द्या, आणि गुडघा जपा.

तुमचा,
चांगशुन

ता. क. तांग मामा म्हणतात, तरंगत्या होडीतल्या पोराशी बोलणार नाही, घरचं वडील माणूस घेऊन ये. तेव्हा दारूच्या दोन बाटल्या, धुरावलेलं डुकराचं मांस आणि चांगला चहा घेऊन तुम्ही यावं. टिकलो नाही तर येणार नाही म्हणाला होतात. पण विचार करा, मोकळं सोडल्यावर मी दोन्ही वेळा एकाच जागी गेलो. राजधानीच्या माणसांनी हे पाहिलंय.

आणखी एक. वर मी होडीत बसून वाकलो असं लिहिलं. होडी आहे, पण ती तांगांच्या तराफ्याला बांधलेली आहे. किल्ली वेन ताईंनीच दिली. श्याओमानला मी अजून काही विचारलेलं नाही, विचारायला लागलो की बदकांवरच बोलत राहतो. आत्ता ती बदकांना दाणे टाकतेय. मघाशी माझ्या खांद्यावरून डोकावत विचारत होती, एवढं लांबलचक पत्र कुणाला? मी म्हटलं, घरी, खेचराची चौकशी करतोय. तर म्हणाली, ‘‘मग त्या खेचराला सांग, येताना मिरच्या घेऊन ये.’’

काका, मिरच्या आणाच.