मागणीचे सात शब्द

राजमान्य राजेश्री खुशालराव दाजी यांस अकोल्याहून देवीदासाचा साष्टांग नमस्कार. आपल्या गुडघ्याचं दुखणं कितपत उतरलं ते कळवावं ("बरं आहे" असं मोघम नको; पायऱ्या किती चढता ते लिहावं). ताई खुशाल असेल. इकडे सर्व क्षेम असून दुर्गाबाई तीन दिवस माझ्याशी बोलत नाही. त्याचं कारण सविस्तर लिहितो.

आमच्या सूर्यभानासाठी दर्यापूरच्या केशवरावांची जयवंता मागायची, हे घरात ठरलेलं होतं. तिला जत्रेत पाहिल्यापासून पोरगा एकाच बैलाला दोनदा वैरण घालतो. त्यात मोर्शीचं एक तालेवार घर येत्या सोमवारी तिला मागायला जाणार, अशी कुणकुण लागली. रिवाजाप्रमाणे मी मध्यस्थ म्हणून पंजाबरावांना न्यायचं. पण पंजाबरावांना मागण्याचा एकच शब्द येतो आणि मला, दाजी, इंग्रजीतले सात येतात. (गोऱ्या अडत्याच्या कारकुनाकडून गाडीभर कडब्याच्या बदल्यात मी इंग्रजी शब्दकोश घेतला, हे आपणांस ठाऊक आहेच. या कापसाच्या तेजीत लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदी चढवली, मी कोश आणला, इतकाच फरक.) तेव्हा मी एकटाच गेलो.

मुलीकडच्यांनी आपण होऊन विषय काढायचा नाही, म्हणून केशवराव आणि त्यांच्या मातोश्री पार्बताबाई गप्प बसून राहिले. मी म्हटलं, मागणं हे नाजूक काम आहे. साहेबलोकांनी त्याला नाना शब्द ठेवलेत. 'आस्क' हा साधा, आपल्या 'इच्छे'चा चुलत भाऊ. 'प्रे' हा देवापुढचा, 'पृच्छे'च्या घराण्यातला. 'बेग' भिकाऱ्याचा, तो मी स्वतःपुरता बाद केला. 'सीक' हा शोधत हिंडणारा, तर 'रिक्वेस्ट'च्या पोटात लॅटिनातला शोध लपलेला. 'डिमांड' फ्रेंचांकडे होता तोवर नुसतं विचारायचा; इंग्रजांकडे आल्यावर त्याने आवाज चढवला (पार्बताबाई म्हणाल्या, इंग्रजांकडे गेलेले सारेच चढवतात). राहिला 'पिटिशन', म्हणजे कचेरीतला अर्ज. त्याच्या लॅटिन मुळाचे अर्थ दोन: मागणे आणि अंगावर धावून जाणे. केशवरावांचे तीन अर्ज कचेरीत पडून आहेत. ते म्हणाले, "मंग बराबर हाय. म्हणूनच साहेब दार लावून घेते."

जेवण झालं, पान झालं. मी प्रसन्न मनाने गाडी जुंपली. पूर्णा नदी ओलांडून दोन कोस आल्यावर ध्यानात आलं की शब्द सातही सांगितले, मुलगी मागितलीच नाही. परत वळलो असतो. पण मागणीला गेलेला माणूस एका दिवसात दोनदा एकाच दारात दिसला की गाव समजतं, पहिल्यांदा नकार मिळाला. घरी ऐकल्यावर दुर्गाबाई एवढंच म्हणाली, "मले मांगाले तुमचे बाबा आलते. तुमी आले असते तर मी आजून माहेरीच असती."

लोभ आहेच, तो तपशीलवार असावा.

ता. क. आत्ताच केशवरावांचा माणूस निरोप घेऊन आला. शब्दशः देतो: "देवीदासभाऊ, तुमी पोरगी मांगाले आलते का इंग्रजी शिकवाले, हे आमाले समजलं नाही. मांगाले आले असान तर पोरगी तुमचीच. पन सोमवारच्या आत हो म्हना, मोर्शीवाले येऊन राह्यले." मुलीच्या बापाने स्वतः विचारावं, या प्रकाराला कोशात शब्द नाही. मी दोनदा पाहिलं.

आणखी ता. क. मी तत्काळ उत्तर लिहायला बसलो. चार बंद कागद भरले आणि निरोप्या म्हशीच्या धारेची वेळ झाली म्हणून तेवढेच घेऊन निघून गेला. 'हो' पाचव्या बंदात होतं. मी मागोमाग जाणार होतो, पण दुर्गाबाईने बैल सोडून दिले. नवऱ्यामुलाने स्वतः बोलायचं नसतं, म्हणून सूर्यभान हे पत्र घेऊन घोडीवर आपल्याकडे येत आहे. तरी दाजी, सोमवारच्या आत दर्यापूर गाठावं आणि केशवरावांना फक्त 'हो' म्हणावं. हा शब्द कुठून आला असं त्यांनी विचारलं तरी सांगू नये. ते मी लग्नात सांगेन.