प्लग आहे म्हणजे प्लग-इनच

३ मार्च
आज गाड्यांचे प्रकार शिकले. लेकाने दोनदा सांगितलं, मला एकदाच पुरलं असतं. हायब्रिड पेट्रोल पिते आणि चालता चालता स्वतःची वीज स्वतःच करते, तिला प्लग नाही. प्लग-इन हायब्रिड म्हणजे घरी विजेवर, बाहेर पेट्रोलवर. आमच्या धाकट्या जावईबापूंसारखी, दोन्हीकडे जेवणारी. तिसरी निव्वळ विजेवरची, चौथी गॅसची. आपली कुठली, हे तो सांगेपर्यंत माझा डोळा लागला. पण प्लग आहे म्हणजे प्लग-इनच. त्यात काय विचारायचं?

५ मार्च, संध्याकाळ
पाय ठणकतायत. पाय दाबायचं मशीन व्हरांड्यातल्या सॉकेटवरच चालतं, आणि तिथे गाडी लावलेली. गाडीचा प्लग काढला. जरा वेळासाठीच.

६ मार्च, सकाळ
मशीनवर झोप फार छान लागते. उठल्या उठल्या गाडीचा प्लग होता तसा लावून ठेवला. आज सूनबाईची बढतीची मुलाखत. वीज कमी पडलीच तर पेट्रोल आहेच.

६ मार्च, दुपार
गाडी पुलावर बंद पडली. मुलाखत हुकली. सूनबाई लेकाला म्हणाली, रात्री चार्जिंगचं एक बटण दाबायचं लक्षात राहत नाही तुझ्या? तो म्हणाला, दाबलं होतं बहुतेक. ‘बहुतेक’ ऐकून तिने बोलणंच टाकलं. मी निवडलेली भाजी पुन्हा निवडली. पेट्रोल कुणी भरूनच ठेवलं नव्हतं, त्यात माझा काय दोष?

७ मार्च
उद्या सांगायचं. आज तिचं डोकं दुखतंय.

८ मार्च
लेक सोफ्यावर झोपतोय. सकाळी चहा करून मलाही दिला. मी तो गार होईपर्यंत ढवळत बसले. सांगणारच होते, पण पाहुणे आले. म्हणजे मीटर बघणारा.

९ मार्च
सांगण्यापेक्षा भरपाई बरी. शेजारच्या मेकॅनिककडून डबाभर पेट्रोल मागवलं. गाडीभोवती फेऱ्या मारल्या, टाकीचं झाकण सापडेना. एक सापडलं, तर आत मेलं चार्जिंगचंच भोक. तेवढ्यात सूनबाई आली. म्हणाली, आई, हे पेट्रोल कुणाला? म्हटलं, गाडीला. ती पायरीवर बसली. म्हणाली, ही निव्वळ विजेवरची आहे. मग मी सगळं सांगितलं, मशीनसकट. तिने डबा उचलून बाजूला ठेवला. म्हणाली, त्याला तुम्हीच सांगा.

१० मार्च
लेकाला सांगितलं. रागावला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, आई, मला वाटलं मीच विसरलो. पुढची मुलाखत आता वर्षाने.

सॉकेटला कुलूप बसवलंय. चोरांसाठी असेल. किल्ली दोघांकडे आहे. मला काय करायचीय, मी तर घरातच असते.