दुसरी भाकर

लुंबिनी,

"माझ्याबिगर एक भाकर तरी करून दाखवा," म्हणून तू अहमदपूरला माहेरी गेलीस. फोन उचलत न्हाईस, म्हणून लिहून राहिलो. हे पाठवीन का फाडीन, माहीत न्हाई.

गार पाण्यात पीठ मळायचो, भाकर परातीतच फाटायची. शेजारच्या सरजामावशी हसल्या, "अरे, कढत पाणी घाल." बोटं भाजली, पण आज पहिली भाकर टम्म फुगली. दुसरी थापताना हाताला लय आली, घरभर थपथप सुरू झाली.

बाबांची नजर गेली, पण कान लई तिखट हायेत. आतून हाक आली, "लुंबिनी, कवा आलीस माय?"

मी हात थांबवला न्हाई.

तवा तापून राहिलाय.

धम्मानंद