बार्लीतला कचरा

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

कचरा म्हणे! मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उपेंद्रसर म्हणाले, "नबिला, तो कचरा मास्क कर आणि पुढे चल." मास्क करायचं म्हणजे बार्लीच्या डीएनएतले जागा बदलणारे तुकडे कम्प्युटरला दिसूच द्यायचे नाहीत. अहो, बार्लीचा पाऊण डीएनए त्यांचाच! लाखो वर्षं या गुणसूत्रावरून त्या गुणसूत्रावर उड्या मारत, स्वतःच्या नकला काढत आलेत. हे पीक घडवलंय त्यांनी.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, सर! — हे मनात. तोंडावर, "ओके सर."

नाही करणार मास्क.

५ फेब्रुवारी

नाही केलं. आणि सापडला!! खाऱ्या पाण्यावर ताठ उभ्या राहणाऱ्या आमच्या जातीत एक तुकडा थेट मीठ सोसणाऱ्या जनुकाच्या उंबऱ्यावर बसलाय. मिठाने कोलमडणाऱ्या दुसऱ्या जातीत तीच जागा रिकामी. म्हणजे आमच्या शेताच्या खाऱ्या पाण्यानेच त्याला उडी मारायला लावली!

९ फेब्रुवारी, रविवार

हम्मादला सांगितलं. नवरा दुबईच्या जबल अली बंदरातल्या गोदामात काम करतो, त्याला सगळं झटपट उरकायची सवय. "अगं, त्यांना हवं तसं लिहून दे. खलास!"

खलास कसं? मॅनेजमेंटला आमचं खाऱ्या पाण्याचं शेत बंद करून तिथे पार्किंग करायचंय. माझ्या बार्लीवर गाड्या! वीस तारखेच्या मीटिंगमध्ये मी त्यांना सांगणार — हे शेतच नवं बी घडवतं, हात लावाल तर खबरदार. तेवढा एकच मुद्दा आहे माझ्याकडे. पण भक्कम आहे.

१३ फेब्रुवारी

उपेंद्रसरांचं नवं टुमणं — "गोड्या पाण्यावरची रोपं तपासलीस?" त्याच बियाण्याची, पण मीठ न पाहिलेली. कशाला? मीठच नाही तर उडी कुठून येणार? नुसते पाय ओढायचे!

१७ फेब्रुवारी

लॅबमधली मृणालिनी म्हणाली, "कर ना एकदाची ती टेस्ट. कोविडवाली पीसीआरच तर आहे. त्यांचं तोंड तरी बंद होईल." हे मात्र पटलं. यल्ला, चला! गोड्या पाण्यावरच्या रोपांची पानं तोडून दिली. वीस तारखेची पहिली स्लाइड तयारच आहे — 'मिठाने घडवलेलं बी'.

१९ फेब्रुवारी, बुधवार

गोड्या पाण्यावरच्या सगळ्या रोपांत तो तुकडा आहे. त्याच जागी.

उडी जुनीच. कधीची, कुठल्या शेतातली, कोण जाणे. बियाण्यातूनच आली. माझ्या मिठाने काहीही केलेलं नाही. खूप रडले.

पहिली स्लाइड पुसली. शेत जायचं तर जाईल. पण उद्या हे सगळ्यांसमोर मीच सांगणार. सर नाही, मी!