दुश्मनाची चिप

अण्णा, तुमच्या कंपनीनं पुन्हा चिप बदलली. आता म्हणे कुणाकडून घ्यायचीच नाही, स्वतःच्या घरची बसवायची. मोबाइलवर बातमी वाचली आणि मी खुर्चीतून उठून उभीच राहिले, सवयीनं तुमच्या टेबलाकडे वळून ओरडणार होते. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी असली बातमी आधी तुम्हालाच सांगायची असते. "माझी कंपनी" म्हणायचात तुम्ही, जणू परदेशातल्या त्या कारखान्यात तुमची भागीदारी होती! प्रत्यक्षात आपला जालन्याच्या जुन्या गावातला दोन खोल्यांचा छापखाना, आणि त्यात तुमचं त्या कंपनीचं पांढरं कॉम्प्युटर मशीन, औरंगाबादच्या एका जाहिरातवाल्याकडून जुनं घेतलेलं.

तुमची अर्धी हयात शिशाचे खिळे जुळवण्यात गेली होती. पांढऱ्या मशीनवर तुम्ही बसलात आणि त्याच्या प्रेमातच पडलात. मग मी डिप्लोमा करून आले आणि सगळ्या गावाकडे असतं तसं असेंबल केलेलं मशीन तुमच्यासमोरच्या टेबलावर मांडलं. तुमची सिस्टीम वेगळी, माझी वेगळी, दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. तुमची फाइल माझ्याकडे धड उघडायची नाही, माझी तुमच्याकडे. तुमचं म्हणणं एकच. "सिस्टीम मागून बघ, आधी काळीज बघ. तुझ्या डब्यात कुठंबी मिळती ती चिप हाय. माझ्या मशीनची चिप अलग." मी म्हणायची, अलग आहे म्हणून तर तिच्यासाठी प्रोग्रॅम मिळत नाहीत. मागच्या स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा, "एका घरात दोन चुली पेटवल्या तुम्ही बापलेकीनं. मी भाकरी कोणत्या चुलीवर टाकू तेवढं सांगा."

पण खरा प्रश्न मशीनचा नव्हताच. शटरची चावी तुमच्या करदोऱ्याला बांधलेली असायची, आणि काका दर दिवाळीला म्हणायचे, पोरीचं लग्न झालं की छापखाना पुतण्याच्या हाती दे. तुम्ही कधी हो म्हणाला नाहीत. नाही पण म्हणाला नाहीत. मी समोर बसून टाइप करत राहायची, कान मात्र तुमच्या उत्तराकडे.

घनसावंगीकडचे गुरुजी मुलीच्या मंगल परिणयाची पत्रिका घेऊन आले तो उन्हाळा आठवतो? जुळणी तुम्ही तुमच्या मशीनवर केली. प्रिंटर माझ्या मशीनला जोडलेला, म्हणून मजकूर फ्लॉपीवरून माझ्याकडे आला, आणि मी घाईघाईत प्रत काढून तीनशे पत्रिका छापून मोकळी झाले. गुरुजी चष्मा लावून वाचतायत. "नमो बु..." आणि थांबतात. पुन्हा वाचतात. "पुढं चौकोन हाय की हो, ताई." बुद्धातला द्ध गायब. खाली पत्त्यात सिद्धार्थनगर होतं, तिथलाही गायब. वाटलं, आता अण्णा गुरुजींच्या देखत माझ्या सिस्टीमचे वाभाडे काढणार. तुम्ही सिस्टीमचं नावही घेतलं नाही. "वाचल्याबिगर छापलं?" म्हणालात. "दुसऱ्याच्या घरचं कार्य हाय, माय. त्यांचं सगळं ह्या एका शब्दात हाय, अन् तू तोच अर्धा सोडला." ते ऐकून माझे कान तापले. आपण त्याच दिवशी सगळ्या पत्रिका नव्यानं छापल्या आणि गुरुजींना शेवटच्या जीपपर्यंत पोचवलं.

आणि मग तुम्ही जे केलंत, ते मला डिप्लोमातल्या कुणी शिकवलं नव्हतं. "चूक कुणाचीच न्हाई," तुम्ही म्हणालात. "मी पहिला छापखाना सोडून दुसरीकडं गेल्तो, तवा असंच झाल्तं. तिथल्या खिळ्यांच्या पेटीत द्ध भलत्याच खणात ठिवलेला. माझा हात जुन्याच खणात जायचा, अन् खिळा निघायचा दुसराच. ह्या दोन सिस्टीमचे खण अलग हायेत, बाकी काय न्हाई." बिलकुल बरोबर होतं! दोन्हीकडे अक्षरं तीच, फक्त ठेवलेली वेगवेगळ्या जागी. वाया गेलेल्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही तक्ता करायला घेतला. एकेक जोडाक्षर दोन्ही मशीनवर दाबून बघायचं, डावीकडे तुमचा खण लिहायचा, उजवीकडे माझा. आठवडाभर तुमचं तेच चाललं होतं, जेवायला हाक मारली तरी तोंडात "ष्ट, ष्ठ, क्त". तक्ता पुरा झाल्यावर माझ्यापुढे टाकलात आणि म्हणालात, "घे, तुझ्या डब्यासाठी." मला आजवर कुणी याहून मोठी भेट दिलेली नाही. त्यावरून मी अक्षरं आपोआप बदलून देणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. माझ्या पडद्यावर द्धच्या जागी द्ध उमटला तेव्हा आपण दोघं अक्षरशः नाचलो, आणि आई पिठाचे हात घेऊन बघायला आली.

पुढे काही वर्षांनी तो जून आला. पेरणी तोंडावर, एमआयडीसीतल्या बियाणांच्या कंपन्यांची लेबलं छापून दम निघालेला. गुरुजी शाळेची पत्रकं घ्यायला आले होते. मी सहज म्हणून विषय काढला. "अण्णा, समजा तुमच्या कंपनीनं माझ्या डब्यातली चिप बसवली तर?"

"कवा? सूर्य मावळतीकडून उगवल तवा?"

"समजा म्हणते मी."

"मंग ही चावी तुझी! छापखाना तू चालव, मी तुझ्याकडं नोकरीला. गुरुजी साक्षीला हायेत."

"बघा हं अण्णा," गुरुजी हसत म्हणाले, "शब्द देऊन राह्यले तुम्ही."

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. तिसऱ्या दिवशी सकाळी मी इंटरनेट कॅफेतून बातमीचा कागद घेऊन धावत आले, एक चप्पल वाटेत तुटली ती हातात घेऊन! कंपनीनं जाहीर केलं होतं, जुन्या पुरवठादाराशी काडीमोड, पुढच्या वर्षापासून चिप दुश्मनाची, म्हणजे माझ्या डब्यातली. तुम्ही मला तीनदा वाचायला लावलंत. "बराबर वाच." मी बराबर वाचलं. "आपल्याला इचारलं बी न्हाई!" तुम्ही गरजलात. मग तुमचा प्रश्न, का बदलली म्हणे? मी सांगितलं, जुनी फार तापायची. "तापती म्हून घराबाहेर काढली?" त्यावर आई आतून म्हणाली, "मंग तुम्हाला कसं ठिवलं मी आजवर?" आणि तुम्ही असे हसलात की डोळ्यांतून पाणी आलं. हसत हसतच करदोऱ्याची गाठ सोडलीत, चावी माझ्या हातावर ठेवलीत, आणि तिथूनच काकांना फोन लावलात. "पैज हारलो. शब्द म्हंजे शब्द." पुतण्याचा विषय तिथंच मिटला.

वर्षभरानं आपण नवं पांढरं मशीन घेतलं आणि चिप आता एकच म्हणून त्यात दोन्ही सिस्टीम टाकल्या. तुम्ही पोरासारखे दिवसभर ते बंद करून चालू करत होतात, एकदा तुमची, एकदा माझी. "दोन्ही पेट्या एकाच टेबलावर!" येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवत होतात. तुमचा तो चेहरा आठवला की मला अजून उड्या माराव्याशा वाटतात.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. पैज लावली त्याच्या आदल्या दिवशी पुण्याहून मैत्रिणीचा फोन आला होता. बातमी फुटली आहे, दोन-तीन दिवसांत जाहीर होणार, म्हणाली. मला माहीत होतं, अण्णा. साक्षीदार हवा म्हणून मी गुरुजी यायची वाट बघत थांबले होते. तुम्ही शब्दाला जागलात, आणि मी चावी चक्क ढापली. त्याचा पस्तावा होतो असं खोटं लिहीत नाही, छापखाना मी चांगला चालवलाय. पैज न लावता, तुमच्यासमोर उभं राहून सरळ मागितली असती, तर तुम्ही ती मला दिली असतीत का? तुम्ही नाही म्हणाल याचीच मला इतकी भीती होती की मी कधी विचारलंच नाही.