अमावस्येची हजेरी

धारवाड, २ सप्टेंबर १९८९

ति. शंकरव्वा अक्कास दानम्माचा सा. न. वि. वि.

हे पत्र अप्पांना दाखवू नकोस. माझ्या नावावर खोटं लागलंय.

गुरुवारी अमावस्या. आपल्या गल्लीत त्या दिवशी खणाचे माग बंद, म्हणून इथेही कॉलेज बंदच असणार असं धरून मी न्हाऊन, पुस्तकांना हळदकुंकू वाहून खोलीत बसले. कुणाला विचारायचं असतं, हेच सुचलं नाही. दुपारी माझ्या खोलीतली रेहाना आली आणि म्हणाली, राणीसरकार, तुमची हजेरी मीच देऊन आले. मी रडू लागले तर चिडली. म्हणाली, उपकार केले तर गळा काढतेस, तुम्ही खणवाले सगळे असेच का गं?

तसं रोज तीच माझ्यासाठी ‘हजर’ म्हणते. चौथीपर्यंत अप्पांनी मला मागाशेजारी बसवून शिकवलं, पुढची शाळाही गल्लीतलीच. इथे वर्गात दीडशे मुलं. माझा सत्तेचाळीस नंबर पुकारला की मी हात वर करते, शब्द घशातच राहतो. पण रोज मी बाकावर असते, गुरुवारी नव्हते. खोटी हजेरी सापडली की हिरेमठ मॅडम कॉलेजातून नाव काढून टाकतात म्हणे. घरी येऊ का?

तुझी माया मागणारी,
दानम्मा

गुळेदगुड्ड, ७ सप्टेंबर

चि. दानम्मास अनेक आशीर्वाद.

भित्री भागूबाई, ऐक. तुझ्याएवढी असताना मी एका खणातला तुटलेला धागा घडीत लपवून दिला होता. अप्पांना अजून ठाऊक नाही. आजही बाजारात कुणाच्या पाठीवर तो रंग दिसला की मी मान वळवते.

मॅडमना जाऊन सांग. नाव काढून टाकलं तर ये, तुझ्यासाठी माग आहेच. न सांगता आलीस तर दार मीच उघडणार नाही. अव्वाने शेंगाचटणी दिली आहे, रेहानालाही दे.

तुझीच काळजी वाहणारी,
शंकरव्वा

धारवाड, १३ सप्टेंबर

ति. अक्कास सा. न. वि. वि.

सांगितलं. हिरेमठ मॅडमच्या दाराशी तीनदा जाऊन परतले, चौथ्यांदा त्यांनीच आत बोलावलं. त्यांना खरंच वाटेना. म्हणाल्या, गुरुवारी तू होतीस, तुझा आवाज मी ओळखते. तो आवाज माझा नाही, एवढं मी सांगितलं. कुणाचा, म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी फक्त माझी हजेरी खोडायला आले आहे. त्यांनी हजेरीपट उघडला. मग गुरुवारवर लाल रेघ मारून म्हणाल्या, त्या आवाजाला सांग, महिनाभर पहिल्या बाकावर बसायचं. तुझं काय करायचं ते उद्या वर्गात बघते.

रेहानाला निरोप सांगितला तशी ती पाठ करून झोपली. चटणी मात्र निम्मी संपवली.

आज हजेरी सुरू झाली. सत्तेचाळीस पुकारलं. पहिल्या बाकावर रेहाना ओठ मिटून बसलेली. मॅडम थांबल्या, दीडशे जण थांबले. मी बाक धरून उभी राहिले आणि ‘हजर’ म्हटलं. आवाज अप्पांसारखा जाड निघाला, पोरं खदखदली. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं, हजेरीपटावर खूण केली आणि म्हणाल्या, आलीस एकदाची.

घरी दिवाळीलाच येईन. आता ही पत्रं अप्पांना दाखव.

बाजारात तुझी मान आता वळू नये असं वाटणारी,
दानम्मा