आईचा जिना आणि माझा प्लाझ्मा कटर

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिण्यापुरताच. कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात अर्धाच वाकतो.) भावोजींचा गुडघा आणि तुझा रक्तदाब आपापल्या जागी असतील अशी आशा करतो. आम्ही सगळे बरे आहोत. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. तर फोनवर मी 'अँपिअर' एवढं म्हटलं की तू 'गॅसवर दूध आहे' म्हणून ठेवून देतेस. पत्र वाचताना काय ठेवशील? तेव्हा बस आणि वाच.

मूळ गोष्ट तुला माहीत आहेच, पण तू ती सगळीकडे तुझ्या पद्धतीने सांगतेस, म्हणून एकदा माझ्या पद्धतीने ऐक. खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला वर नेताना स्ट्रेचर जिन्यात वळेना, म्हणून रेलिंग कापून काढावं लागलं. आता आई खोलीत छान चालते. डॉक्टर म्हणतात, जिनाही उतरू दे, फक्त धरायला भक्कम काहीतरी हवं. म्हणजे आई आणि अंगण यांच्यामध्ये आता एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे रेलिंग, आणि ते मी स्वतः बनवणार असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलो आहे. ती खिडकीतून खालच्या मैत्रिणींशी ओरडून गप्पा मारते, भाजीवाल्यासाठी दोरीला बांधून पिशवी सोडते आणि उठता-बसता जाहीर करते की जिना उतरता आला की पहिल्या गाडीने ताईकडे राहायला जाणार. (तुमच्या इमारतीला लिफ्ट आहे हे तिला सांगायची काही गरज होती का?)

बाजारात साध्या पाइपचं रेलिंग मिळतं, हे मला आजवर ओळखीच्या प्रत्येक माणसाने सांगून झालं आहे. कृपा करून तू सांगू नकोस. खाली स्कूटर लावायच्या जागेत मी सीएनसी टेबल उभं केलंय. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं आणि टेबलावरच्या सरकत्या हाताने ते लोखंडी पत्र्यावर हुबेहूब कापायचं, असा तो प्रकार. स्कूटर आता पावसात भिजते आणि तुझी भावजय माझ्यावर तापते. टेबल पूर्ण झालं, मोटारी फिरतात, हात सरकतो, फक्त त्या हातात कापणारं काही नाही. त्यासाठी हवा प्लाझ्मा कटर, म्हणजे दाबाच्या हवेत विजेचा झोत सोडून पत्रा वितळवत जाणारं मशीन. ते एकदा निवडलं की संपलं. (जरा उठून टेबल बघून आलो. आहे तिथेच आहे.)

आता तुला वाटेल, दुकानात जायचं, एक डबा उचलायचा. मलाही तसंच वाटलं होतं. मी आधी आपल्या कोपऱ्यावरच्या गेटवाल्याकडून त्याचा जुना कटर मागून आणला. हाताने कापायला ते मशीन उत्तम आहे, पण ठिणगी पाडताना ते हवेत असा काही विजेचा गोंगाट सोडतं की शेजारच्या कॉम्प्युटरला वेड लागतं, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मला वाचूनसुद्धा पटलं नव्हतं. मी पत्र्यावर एक पान कापायला सांगितलं. ठिणगी पडली, टेबलाच्या सरकत्या हाताने अर्धं पान कापलं, मग काय मनात आलं कोण जाणे, पत्रा सोडून तो थेट टेबलाच्या कडेला गेला आणि तिथे ठेवलेला माझा जेवणाचा डबा झाकणासकट उभा चिरला. त्याच क्षणी दारावरची बिनतारी घंटा आपोआप वाजायला लागली, वर आईचा टीव्ही पांढरा पडला आणि आई वरून ओरडली, "अरे, कोण आलंय बघ, आणि टीव्हीवालाच असेल तर सोडू नकोस!" मी बटणं दाबत होतो, तुझी भावजय दार उघडून रस्त्यावर कुणाला तरी शोधत होती आणि डब्यातली उसळ करपल्याचा वास घरभर पसरला होता.

दुसरं मशीन हत्यारांच्या दुकानातून परत करायच्या बोलीवर आणलं. दुकानदाराला मी मनातल्या मनात 'तसं बघायला गेलं तर' म्हणतो, कारण त्याचं प्रत्येक वाक्य तिथून सुरू होतं. तसं बघायला गेलं तर हे मशीन शांत होतं. गोंगाट नाही, घंटा नाही. पण त्याला हवा इतकी लागते की माझा लहानसा कॉम्प्रेसर जिना चढून आलेल्या भावोजींसारखा धापा टाकायला लागला. (भावोजींना हे वाक्य वाचून दाखवू नकोस.) दिवे मंद झाले, मग मेन स्विच पडला आणि वर आईचा पंखा थांबला. पंखा थांबला की आई बोलायला लागते. तिने मला वर बोलावून चित्र दाखवायला सांगितलं. मी उत्साहाने वेलबुट्टीचं रेलिंग दाखवलं, प्रत्येक पायरीला वेगळं पान. ती शांतपणे बघून म्हणाली, "मला पानं नकोत रे. धरायला दांडी हवी." आता अशा माणसाला काय समजावणार?

मग मी रीतसर अभ्यास केला. गोंगाट न करणारं हवं, घरच्या विजेवर चालणारं हवं आणि मागे टेबलाची तार जोडायची सोय हवी, म्हणजे पत्रा तापून वाकला तरी झोत त्याच्यापासून योग्य उंचीवर राहील. शिवाय कटरची मूठ वळलेली नको, सरळ हवी, म्हणजे टेबलाच्या हातात नीट बसेल. एवढ्या चाळणीतून शेवटी दोन मशिनं उरली, चाळीस अँपिअरचं आणि साठचं. आपला पत्रा कापायला चाळीसचं भरपूर आहे. पण उद्या जाड पत्रा आला तर? (कुठून येईल, असं तुझी भावजय विचारते. पत्रा काही पाहुणा आहे का, असंही विचारते.) साठचं घ्यावं तर घरची वायरिंग बदलायला हवी. वायरिंग बदलायची तर भिंत फोडायला हवी. आणि भिंत फोडायचीच तर जिनाच थोडा रुंद का करू नये? या प्रश्नाशी मी काल पोचलो तेव्हा तुझी भावजय म्हणाली, "मला हो म्हणायला तुला एक चहा पुरला होता. या डब्याला किती लागणार आहेत?" आणि स्कूटर घेऊन निघून गेली. तेव्हापासून मी नुसता येरझारा घालतोय. खाली गेलो की चाळीस बरं वाटतं, वर आलो की साठ. हे पत्रही तीन खोल्यांत बसून लिहिलंय.

तर तुझं मत काय ते कळव. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. मत कळवायची फार घाई नाही. सावकाश कळवलंस तरी चालेल.

ता. क. २. खरं सांगू का? कळवलं नाहीस तरी चालेल. चाळीसचं घ्यायचं हे मला पहिल्या दिवसापासून कळतंय. पण ते आणलं की रेलिंग होणार, रेलिंग झालं की आई खाली उतरणार आणि उतरली की तुझ्याकडे निघणार. खिडकीतून कुणी ओरडलं नाही तर या घरात मला करमायचं नाही, ताई. तेवढं तुमच्याकडे या वर्षी रंगकाम आहे, किंवा लिफ्ट बिघडली आहे, असं काहीतरी तिला कळव ना. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. पाकीट चिकटवायला आईकडे देतोय, तिला तेवढाच विरंगुळा. काळजी करू नकोस, ती दुसऱ्याचं पत्र वाचत नाही.

ता. क. ३. चि. ताईस आईचे आशीर्वाद. वाचलं. पोटच्या पोराचं पत्र दुसऱ्याचं कसं होईल? मी तुझ्याकडे जाते, जाते म्हणत होते ते हा जरा हात उचलेल म्हणून. याने उलटा हातच आखडला. मी चार दिवस येईन, पाहुणी म्हणून. तुझ्याकडे खिडकीतून बोलायला खाली कुणी नाही, सगळे लिफ्टमध्ये. हे त्याला तू सांग. मी सांगितलं तर आई समजूत घालतेय म्हणेल. चाळीसचं मशीन सूनबाई स्कूटरवरून घेऊन आली आहे, ते त्याला अजून कळलेलं नाही, कारण तो या खोलीतून त्या खोलीत फिरतोय. आणि त्याने चित्रात रेलिंग एकाच बाजूला काढलंय. त्याला म्हणावं, दोन्ही बाजूंना कर. माझा जोर उजव्या हातात आहे. एका बाजूची दांडी धरून मी खाली जाईन, पण वर कशी येऊ?